पाटल्या वाकतात: २२ कॅरेटमध्ये राहून सोन्याला बळकटी कशी आणायची?

सुरंगी

नमस्कार मंडळी. आईच्या दोन पाटल्या माझ्याकडे आल्यात, मिळून साधारण चार तोळे. जुनं, जवळजवळ शंभर नंबरी सोनं. दिसायला सुरेख, पण मनगटावरून काढताना जरा दाब पडला की घेर लांबट होतो आणि कडांना जागोजाग पोचे आलेत. कपाटात ठेवायला मला दागिना नको. रोज घालायच्यात, आणि माझं रोजचं म्हणजे आंब्याच्या हंगामात पेट्या भरणं, एरवी पंप, गोठा, चूल.

मोडून नवीन करायचं ठरलंय. मालवणात विचारलं तर म्हणाले, "२२ मध्येच करू, मिश्रण चांगलं घालतो." मुंबईच्या एका मोठ्या दुकानात सांगितलं, "रोजच्या वापराला १८ कॅरेटशिवाय पर्याय नाही." सासूबाईंचं म्हणणं, १८ म्हणजे निम्मं तांबंच.

माझा प्रश्न सरळ आहे. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं ठरलेलं. उरलेल्या ८.४ टक्क्यांत काय घातलं की पाटली टिकेल? की त्या ८.४ टक्क्यांत करण्यासारखं काही नसतंच?

कोकमसरबत

सासूबाईंना सांगा, १८ मध्ये पाऊण हिस्सा सोनं असतं. निम्मं १२ कॅरेटमध्ये. बाकी जाणकार येतीलच, मी पाट मांडून बसलोय.

धातुवेडा

करण्यासारखं असतं. नोकरी धातुशास्त्रातच गेली, आता रत्नागिरीत निवृत्त आहे, तेव्हा जरा लांबण लावतो.

शुद्ध सोनं मऊ का? त्याचे अणू एकसारखे, अगदी शिस्तीत थरावर थर रचलेले. जोर पडला की एक थर दुसऱ्यावरून बिनबोभाट सरकतो. आता त्यात वेगळ्या मापाचा अणू बसवा. जांभ्याच्या भिंतीत एक चिरा दीड बोट लहान निघाला की त्या ओळीची सगळी रेघ बिघडते आणि गवंड्याला वरखाली जुळवत बसावं लागतं, तसं होतं. थर वेडावाकडा झाला की सरकताना अडतो. हे अडणं म्हणजेच कठीणपणा.

म्हणून काय घालता याला महत्त्व. चांदीचा अणू मापाने जवळपास सोन्याएवढाच. तो सोन्यात मुकाट्याने सामावतो, रंग फिका-हिरवट करतो, पण अडवत फारसं नाही. तांब्याचा अणू सोन्याहून अकरा-बारा टक्के लहान. तो अडवतो.

दुसरी गोष्ट वजनाची. मिश्रण आपण वजनाने मोजतो, पण काम अणूंच्या संख्येवर चालतं. ८.४ टक्के वजनाची जागा सगळी चांदीला दिली तर शंभरात साधारण १४ अणू चांदीचे येतात. तीच जागा तांब्याला दिली तर २२. म्हणजे तांबं मापानेही अडवतं आणि संख्येनेही जास्त येतं.

आकड्यांत सांगायचं तर कठीणपणा विकर्स नावाच्या मापात मोजतात. हिऱ्याचं टोक दाबायचं आणि खळगा केवढा पडतो ते बघायचं. ताव दिलेलं, म्हणजे तापवून मऊ केलेलं, शुद्ध सोनं २५ ते ३० च्या घरात. २२ कॅरेटमध्ये ५.५ टक्के चांदी आणि २.८ टक्के तांबं घातलं तर सुमारे ५०. प्रमाण उलटं केलं, चांदी ३.२ आणि तांबं ५.१, तर सुमारे ७०. सोनं तेवढंच, हॉलमार्क तोच, किंमत तीच. फरक फक्त उरलेल्या त्या ८.४ टक्क्यांच्या वाटणीचा. १८ कॅरेट पिवळं, ज्यात चांदी-तांबं निम्मं निम्मं, ते १५० पर्यंत जातं. दुकानदार खोटं बोलत नाही, पण "पर्याय नाही" हे काही खरं नाही.

कोकमसरबत

>> तो अडवतो.

मग आठही टक्के तांबंच घाला की. प्रश्न मिटला.

धातुवेडा

घालतात! इंग्लंडची गिनी म्हणजे सॉव्हरिन तेच आहे, बारा भागांत अकरा भाग सोनं आणि एक भाग तांबं. आपल्याकडे जुन्या घरांत असलेली गिनी हातात घेऊन बघा, लालसर झाक दिसेल. दागिन्याला ती झाक पुष्कळांना आवडत नाही, आणि तांबं जास्त झालं की तापवताना पृष्ठभाग काळवंडतो, दर वेळी आम्लात धुवावं लागतं.

या प्रश्नावर सरकारी चौकशीसुद्धा झालेली आहे. इंग्लंडात सोन्याची नाणी झिजून वजन घटत होतं, म्हणून १७९८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या समितीने चार्ल्स हॅचेट आणि हेन्री कॅव्हेंडिश यांच्यावर काम सोपवलं. हायड्रोजनवाला तोच कॅव्हेंडिश. त्याने नाण्यांवर नाणी घासण्याचं यंत्र जुळवलं, हॅचेटने सोन्यात एकेक धातू मिसळून पाहिला आणि १८०३ मध्ये निष्कर्ष छापले. नाण्यासाठी २२ कॅरेट बदलायचं कारण नाही, असा त्यांचा कौल पडला. या लोकांनी आणखी एक भयंकर गोष्ट नोंदवली, शिसं आणि बिस्मथ याबद्दलची. ती पुढे कोणी विचारलं तर सांगतो, नाहीतर धागा भरकटेल.

पिढीजात

धातुवेडाकाकांचं सगळं बरोबर. पण मी वेंगुर्ल्यात ऐरणीवर बसणारा माणूस आहे, मला त्यातला अर्धाच भाग महत्त्वाचा वाटतो. पाटली वाकते त्यात मिश्रणाचा दोष कमी असतो. शेवटचा ताव कधी दिला, याचा दोष जास्त.

कसं ते सांगतो. सोनं मुशीत वितळवून सळई ओतली, की ती रोलरमधून काढून पत्रा करायचा. दर फेरीला सोनं कठीण होत जातं, हाताला कळतं, पत्रा टणक वाजायला लागतो. २२ कॅरेट निम्म्याहून पातळ होईपर्यंत तसंच ओढता येतं. त्यापुढे रेटलं तर कडेला बारीक दातऱ्या फुटतात. तेव्हा ताव. दुकानातला दिवा मालवायचा, पत्र्यावर ज्योत फिरवायची, काळपट लाली दिसली की थांबायचं आणि पाण्यात. उजेडात ताव दिला तर लाली दिसतच नाही, सोनं जास्त तापतं, दाणा म्हणजे धातूच्या आतला स्फटिक मोठा होतो आणि पुढे वाकवताना पृष्ठभाग संत्र्याच्या सालीगत खरबरीत होतो.

आता गंमत बघा. पत्रा मस्त कठीण केला, पट्टी कापली, गोल वळवली, टोकं जुळवून झाळली. झाळताना अख्खी पाटली लाल होते. झाली ना मऊ! आतापर्यंत ठोकून कमावलेलं सगळं गेलं. इथे बरेच कारागीर थेट नक्षी आणि पॉलिश करून मोकळे होतात. गिऱ्हाइकाच्या हातात जाते ती ताव दिलेली, मऊ पाटली. मिश्रण कितीही भारी असो.

आमच्याकडे झाळ झाल्यावर पाटली सळीवर चढवून लाकडी हातोडीने सगळीकडून ठोकून घेतात, घेर एक नंबर लहान ठेवतात आणि ठोकत ठोकत हवा तेवढा वाढवतात. मग ओप देतात. त्यात पुन्हा कठीण होते. काकांचे ५० आणि ७० म्हणजे ताव दिलेल्या सोन्याचे आकडे आहेत ना?

धातुवेडा

हो, ताव दिलेल्याचेच. थंड ठोकलेलं २२ कॅरेट शंभराच्या पुढे जातं, दोन्ही प्रकारांत. पिढीजात यांनी नेमकं बोट ठेवलंय. तांबं थोडं जास्त असलेलं मिश्रण ठोकताना लवकर कठीण होतं एवढं मात्र जोडतो.

आणि एक मुद्दा आमच्या बाजूचे लोकसुद्धा विसरतात. मिश्रणाने सोनं कायमचं वाकायला जास्त जोर लागतो, पण त्याचा मूळचा लवचीकपणा फारसा बदलत नाही. पाटली लवू नये असं वाटत असेल तर जाडी बघा. पत्र्याची जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. म्हणून चार तोळ्यांत रुंद-पातळ पाटली आणि अरुंद-जाड पाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक पडेल.

तात्यानू

आमच्या आवशीच्यो पाटल्यो अशोच जाड पत्र्याच्यो. जन्मभर घातल्यान, मसालो वाटल्यान, भात कांडल्यान, एक पोचो नाय. आताच्यो पाटल्यो बघशात तर फुंकर मारल्यार वाकतत. वजन दिसाक होया आणि भाव परवडाक होयो, मगे दुसरा काय होतला!

सुरंगी

पिढीजात, ताव आणि ठोकणं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही लोक इतकं मनापासून लिहिताय, धन्यवाद.

भाचा इंजिनीअर आहे, तो म्हणतो टायटॅनियम घालून ९९ टक्के सोनंसुद्धा कडक करता येतं. खरं का? मग २२ सुद्धा कशाला, २४ च्या जवळच राहता येईल.

धातुवेडा

भाचा बरोबर सांगतोय. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात ते विकसित झालं, '९९० गोल्ड' म्हणतात. ९९ टक्के सोनं, १ टक्का टायटॅनियम. टायटॅनियम हलकं, त्यामुळे वजनाने १ टक्का घातलं तरी अणूंच्या हिशोबात ४ टक्के होतं. पण त्याची खरी करामत वेगळी आहे. ८०० अंशांवर तापवून झटकन पाण्यात बुडवलं की टायटॅनियम सोन्यात विरघळलेलंच राहतं, धातू मऊ असतो, विकर्स ७० च्या आसपास. या अवस्थेत घडवून घ्यायचं. मग ५०० अंशांवर तासभर ठेवायचं. टायटॅनियम सोन्याशी संयोग करून अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतं आणि ते कण थरांना जागच्या जागी खिळवून टाकतात. कठीणपणा १७० वर जातो, आधी ठोकलेलं असेल तर २४० पर्यंत. म्हणजे १८ कॅरेटच्या तोडीस तोड.

मग दुकानात का दिसत नाही? टायटॅनियम ऑक्सिजनला हपापलेलं. उघड्या मुशीत घातलं की सोन्यात मिसळण्याआधी त्याची राख होते. वितळवायला निर्वात भट्टी किंवा आर्गॉन वायू हवा, झाळतानाही तीच कटकट. मोड आली की साध्या शेगडीवर पुन्हा वितळवता येत नाही. आपल्याकडे दागिना म्हणजे उद्या मोडता येणारी पुंजी, तिथे हे चालणं कठीण. कॅल्शियम, बेरिलियम, लिथियम, दुर्मिळ मृदा धातू असे हलके किंवा विचित्र मापाचे धातू चिमूटभर घालून ९९ च्या वरचं सोनं कडक करण्याचे प्रयोगही झालेत, जपानात विशेष. अडचणी बहुतेक त्याच.

पिढीजात

बाजारात तयार मिश्रणाचे दाणे मिळतात त्याबद्दल सावध करतो. पाकिटं दोन जातीची असतात. साच्यात ओतायच्या मालासाठी असतं त्यात जस्त आणि सिलिकॉन असतं. जस्त प्राणवायू धरतं, ओतकाम स्वच्छ येतं, थोडं असेल तर हातकामालाही चालतं. सिलिकॉनने ओतलेला दागिना साच्यातून आरशासारखा निघतो, पण रोलरला २२ कॅरेटमध्ये तो घातक. पत्रा मधूनच चिरतो.

सुरंगीताई, तुमच्या पाटल्या पत्र्याच्या होणार. कारागिराला विचारा, ओतायचं मिश्रण वापरणार की साधं चांदी-तांबं. आम्ही अजून शुद्ध तांब्याची तार आणि चांदीच वापरतो. तांबं विजेच्या नवीन तारेचं घेतलं तरी उत्तम, फक्त कथिलाचा मुलामा नसावा.

आणि जुन्या पाटल्या भरीव आहेत की आत लाख आहे? लाख असेल तर आधी ती काढावी लागेल, आणि वजन तुम्ही समजता त्यापेक्षा कमी भरेल. आधीच सांगून ठेवतो, नंतर सोनाराच्या नावाने शंख नको.

खाडीपलीकडे

>> शिसं आणि बिस्मथ याबद्दलची. ती पुढे कोणी विचारलं तर सांगतो

काका, विचारलं. आमच्या घरची बोरमाळ एकाने रेडिओ दुरुस्तीच्या झाळीने जोडून दिली होती. ती मोडून दुसरं करायला दिली, तर सोनाराने हात जोडले, म्हणाला हे सोनं हातात तुटतंय.

धातुवेडा

रेडिओची झाळ म्हणजे शिसं आणि कथिल. हॅचेटने १८०३ मध्ये हेच लिहिलंय, शिशाचा किंवा बिस्मथचा नखाएवढा अंश पडला तरी सोनं ठिसूळ होतं. पुढे इंग्लंडच्या टांकसाळीतल्या रॉबर्ट्स-ऑस्टेनने १८८८ मध्ये सोन्यात ०.२ टक्के वेगवेगळे धातू घालून ओढून पाहिलं. कुठल्या धातूने बळ वाढतं, कुठल्याने पार ढासळतं, याचा संबंध त्या धातूच्या अणूच्या आकारमानाशी लावायचा त्याचा प्रयत्न होता. मोठ्या, बोजड अणूचे धातू सोन्यात सामावत नाहीत. सोनं थिजताना ते दाण्यांच्या सीमांवर ढकलले जातात, तिथे लवकर वितळणारी पातळ पापुद्र्यासारखी फट तयार होते, आणि ठोकताना सोनं त्याच रेषेवर फुटतं. सिलिकॉनचं दुखणंही जातीने तेच. सोनं-सिलिकॉनचं मिश्रण ३६३ अंशांनाच वितळतं, सोनं एकटं १०६४ ला.

>> सोनाराने हात जोडले

सोनं वाया गेलेलं नाही, शुद्ध करून घ्या. आपले विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले देशभर हाच धंदा करतात.

पिढीजात

त्यात एक विनोद आहे. जुन्या पद्धतीत गलाई करताना शिसंच घालतात. पण हाडांच्या राखेच्या वाटीत तापवलं की शिसं बाकीचा मळ घेऊन वाटीत जिरतं, सोनं-चांदी वर गोळी होऊन राहते.

सगळ्यांना विनंती: सोन्याच्या कुठल्याही वस्तूला, कडी असो की फासा, मोबाईल-रेडिओवाल्याची झाळ लावू नका. आणि मोड देताना तशी झाळ असेल तर सोनाराला आधी दाखवा. एक कडी अख्खी मूस नासवते.

निवांत_नाखवा

वाचतोय. मध्येच एक शंका. इरिडियम घातलेलं सोनं म्हणजे भेसळ असं ऐकलंय, आणि एका व्हिडिओत तेच सोनं सुधारायला घालतात असं सांगतात. नक्की काय?

धातुवेडा

दोन्ही, प्रमाणावर ठरतं. शंभर ग्रॅमला पाच-दहा मिलिग्रॅम इरिडियम, आधी दुसऱ्या धातूत नीट मिसळून मग घातलं, तर वितळलेलं सोनं थिजताना असंख्य ठिकाणी एकदम दाणे धरतं. दाणे बारीक झाले की बळ वाढतं, पॉलिश चांगलं बसतं, वाकवताना खरबरीतपणा येत नाही. रुथेनियमही असंच वापरतात, २२ कॅरेट पिवळ्यात कोबाल्टसुद्धा.

भेसळवाले टक्क्यांत घालतात, कारण ते जड आणि पांढरे धातू सोन्याच्या वजनात खपून जातात. ते विरघळत नाहीत, कणांच्या रूपाने तसेच पडून राहतात.

पिढीजात

आणि आमच्या हत्याराला लागतात. तार ओढताना जंतराच्या भोकाला ओरखडा पडला, पॉलिश करताना पांढरा ठिपका वर आला की समजायचं. चांगलं जंतर एकदा असंच कायमचं खराब झालंय माझं, माल कुठून आला ते इथे लिहीत नाही.

लांजेकरीण

सोन्याचा धागा चांदीकडे वळवते, माफी असावी. आमच्या ग्रामदेवतेची पालखीत लावायची चांदीची रूपं जुनी झालीत, नाकाशी पत्रा फाटलाय. शिमग्याआधी नवीन करायची चर्चा चालू आहे. मानकऱ्यांपैकी एकजण म्हणतात ९२.५ ची चांदी घ्या, मजबूत. शिवाय गावकऱ्यांनी दिलेले जुने चांदीचे रुपये आहेत, तेही त्यात वितळवायचे म्हणतात. बरोबर का?

पिढीजात

रूपाचं काम उठावाचं असतं. पत्रा राळेवर बसवून मागून-पुढून ठोकत नाक, डोळे, ओठ काढायचे. नाकासाठी पत्रा केवढा ताणला जातो बघा, म्हणून तिथेच फाटतो. त्याला मऊ, जवळजवळ शुद्ध चांदीच हवी. काम होता होता ती ठोकण्यानेच कठीण होते. ९२.५ घेतली तर दर थोड्या वेळाने ताव द्यावा लागेल आणि तावाने तांबं आतल्या आत करपून राखाडी-जांभळा डाग धरेल, तो पॉलिशने जात नाही, खरवडावा लागतो. मागचा कणा, कड्या, खिळे यांना मात्र ९२.५ वापरा.

धातुवेडा

शिवाय समुद्राकाठची हवा. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूने, आणि तांब्याचा हिस्सा असला की लवकर. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडात मिडलसेक्स विद्यापीठात १९९० च्या दशकात पीटर जॉन्स यांनी चांदीत थोडं जर्मेनियम घातलं. ते वर स्वतःचा पातळ थर धरतं, डागही थांबतो आणि काळवंडणंही मंदावतं. आपल्या गावात ती चांदी मिळणं अवघड, म्हणून नुसती माहिती.

९२.५ चा एक गुण मात्र बहुतेक कारागीर वापरत नाहीत. साडेसात टक्के तांबं ७५० अंशांच्या आसपास चांदीत पूर्ण विरघळतं, साध्या तापमानाला जवळजवळ नाहीच. म्हणून ७५० वरून पाण्यात बुडवून मग ३०० अंशांना तासभर ठेवलं, तर तांबं बारीक कणांत बाहेर येतं आणि कठीणपणा जवळपास दुप्पट होतो. टायटॅनियमच्या सोन्यातली युक्तीच. फक्त झाळलेल्या वस्तूवर करू नका, ७५० ला झाळ सुटेल.

रुपयांबद्दल: वितळवण्याआधी साल बघून वेगळे करा. राणीछाप आणि त्यानंतरचे १९३९ पर्यंतचे रुपये ११.६६ ग्रॅमचे, त्यात ९१.६७ टक्के चांदी, बाकी तांबं. १९४० पासून महायुद्धात चांदी निम्मी केली. ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. वजन तेच, राजाचा चेहरा तोच. असे चार-सहा रुपये मुशीत गेले तर निकेलमुळे सगळी चांदी टणक आणि मळकट होईल, उठावकामाला निरुपयोगी.

लांजेकरीण

बापरे. पिशवीत सहाव्या जॉर्जचे पुष्कळ आहेत. आजच सगळे ताटात ओतून साल लावते.

कोकमसरबत

राणीछापातले काही संग्राहक चांदीच्या भावापेक्षा जास्त देऊन घेतात, आधी कोणाला तरी दाखवा. देवाला चांदी कुठूनही मिळेल.

अबोली_पुणे

मूळ माहेर गुहागर म्हणून इथे डोकावले. माझी १८ कॅरेटची गुलाबी अंगठी. नामांकित दुकानात मोठी करायला दिली, आणली आणि महिन्याभरात तडा गेला. १८ तर बळकट म्हणताय ना सगळे?

धातुवेडा

गुलाबी म्हणजे तांबं भरपूर. या प्रमाणात सोनं आणि तांबं ४१० अंशांच्या खाली आले की आपापल्या ठरलेल्या जागा पकडून एकाआड एक रचले जातात. धातू भलताच कठीण आणि ठिसूळ होतो. म्हणून झाळल्यावर लगेच पाण्यात बुडवायचं, म्हणजे रचायला सवड मिळत नाही. हवेवर सावकाश निवू दिली असेल तर तडा जाणारच. पिवळ्या १८ ला हा त्रास कमी.

कमी कॅरेटला आणखी एक धोका असतो. १४ च्या खाली गेलं की खारट घाम, क्लोरीनचं पाणी आणि आतला ताण मिळून चिरा पडू शकतात. २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळतो, स्वस्त म्हणून चालेलही, पण मासळीच्या टोपलीत नाहीतर पोहण्याच्या तलावात हात घालणाऱ्यांनी विचार करावा. २२ ला यातलं काही होत नाही.

निवांत_नाखवा

आमच्या बोटीच्या स्टार्टरचे पॉइंट चांदीचे असतात म्हणे, तेही असंच का?

धातुवेडा

शुद्ध चांदीचे असते तर ठिणगीने चिकटून बसले असते. चांदीत कॅडमियम ऑक्साइडचे, आता बहुधा टिन ऑक्साइडचे कण असतात. कॅडमियम विषारी म्हणून मागे पडलं. सोन्याची केडीएम, म्हणजे कॅडमियमची, झाळ बंद झाली तीही त्याच धुरापायी. पॅरिसजवळचा जुना मूळ किलोग्रॅम आठवा, ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियम. झिजू नये म्हणूनच इरिडियम. पण आता थांबतो, सुरंगीताईंच्या पाटल्या मागे पडल्या.

सुरंगी

पडू देत, सगळं वाचतेय. मालवणच्या सोनारांकडे जाऊन आले. पाटल्या भरीव निघाल्या, लाख नाही. मशीनवर ९९.५ च्या आसपास दाखवलं. तांबं जास्त ठेवायला ते तयार आहेत, झाळीनंतर ठोकून देतो म्हणाले. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?" असं दोनदा विचारलं. आता हिशोबाचं सांगा, मिश्रण किती जाईल?

पिढीजात

४० ग्रॅम धरलं तर शुद्ध सोनं ३९.८ ग्रॅम. त्याला ०.९१६ ने भागा, ४३.४५. म्हणजे साधारण ३.४५ ग्रॅम मिश्रण. त्यात तांबं २.१, चांदी १.३५ ठेवा. रंग थोडा उबदार येईल, लाल नाही. पावतीवर तीन आकडे लिहून घ्या: दिलेलं वजन व शुद्धता, घातलेलं मिश्रण, मिळालेलं वजन. घट वेगळी दाखवायला सांगा.

झाळ ९१६ चीच हवी, नाहीतर हॉलमार्कला अडेल. दुकान नोंदणीकृत असेल तर पाटलीवर बीआयएसचं चिन्ह, 22K916 आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, येईल, तो मोबाईलवर तपासता येतो. दुकान लहान असेल आणि हॉलमार्क नसेल, तर तुम्ही स्वतः तपासणी केंद्रात नेऊ शकता, चार नगांपर्यंत २०० रुपये फी आहे.

रुंदी किती ठरली? १२ मिलिमीटरच्या वर जाऊ नका, तेवढ्या वजनात पत्रा पातळ पडेल.

सुरंगी

दहा सांगितलीय. नक्षी फक्त मधल्या पट्ट्यावर, कडा गोल आणि साध्या. सासूबाई म्हणतात मोराची नक्षी हवी, ते अजून मिटायचंय.

तात्यानू

मोर नको गे. पिसां झिजतत आणि मगे कोंबडो दिसता.